नवं शासकीय चार वर्षांचं कॉलेज : कुणी काढायचं आणि कुणी चालवायचं?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. विषय सध्या तापलेला आहे आणि आमच्याकडचे दोघं-तिघं इथे गुपचूप वाचत असतात.

तालुक्यात बारावीनंतर कला शाखा सोडून काही नाही. मुली बारावीपर्यंत शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने येतात, फुकट. बारावीचा निकाल लागला की निळी बस संपली. पुढे बीएस्सी करायची तर जिल्ह्याच्या ठिकाणी खोली करायची, नाहीतर रोज एसटीने जाऊन-येऊन करायचं. महिलांना अर्धं तिकीट झालंय हे खरं, पण पुलावरून पाणी गेलं की अर्ध्या तिकिटाचीही बस येत नाही. विज्ञानाच्या वर्गातल्या माझ्या हुशार मुलींची नावं पुढच्या उन्हाळ्यात मला लग्नपत्रिकेत वाचायला मिळतात.

मध्यंतरी बैठक झाली. आमदार, तहसीलदार, नगरपंचायतीची माणसं, दोन संस्थाचालक. शासनाच्या पैशातून चार वर्षांचं पदवी कॉलेज व्हावं यावर सगळ्यांचं एकमत, आणि एकमत तिथेच संपलं. एक गट म्हणतो सरळ शासकीय महाविद्यालय मागा. दुसरा म्हणतो गोंडवाना विद्यापीठाला स्वतःचं कॉलेज काढायला सांगा. तिसऱ्याचं म्हणणं, इथल्याच एका संस्थेकडे इमारत आहे, त्यांना द्या, शासनाने अनुदान तेवढं द्यावं. निवेदनाचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय.

तर तिन्हींतला कुठला मार्ग टिकतो? आणि कॉलेज झालंच तर प्राचार्य कोण नेमणार, कारभार कुणाच्या हातात असणार, हे आधीच कसं बांधून घ्यायचं? ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी लिहा.

खडूस_सदाशिव

कोनशिलेवर कुणाचं नाव कुठल्या टायपात हे ठरलं का? ते ठरल्याशिवाय आमच्याकडे तरी काही उभं राहत नाही.

मीनाक्षी_क

वाचतेय. निळ्या बसचं अगदी खरं. यवतमाळकडेही हीच गत.

निवृत्त_प्राचार्या

रानवाट, आधी तिन्ही मार्गांचं कायदेशीर सांगते, मत नंतर.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो. कुठे कुठलं कॉलेज हवं, कुठली शाखा हवी, ते त्यात येतं. आराखड्यात तुमचं ठिकाण नसेल तर अर्जाचा विचारच होत नाही. असेल तर कलम १०९खाली अर्ज, विद्यापीठाची छाननी, शासनाचं इरादापत्र (म्हणजे तत्त्वतः होकार), अटींची पूर्तता आणि शेवटी अंतिम मान्यता. आमदारसाहेबांनी मंत्रालयात कितीही जोर लावला तरी पहिलं दार विद्यापीठाचंच आहे.

आता तिसरा मार्ग, संस्था काढेल आणि शासन अनुदान देईल. तो २००१पासून बंद आहे. तेव्हापासून नव्या कॉलेजांना कायम विनाअनुदानित तत्त्वावरच परवानगी मिळते. 'परवानगी तर घेऊ, अनुदानाचं पुढे बघू' असं बैठकीत कुणी म्हणालं असेल तर त्यांना एवढंच विचारा की मधल्या काळात पगार कोण देणार.

दुसऱ्या मार्गाला आधीची उदाहरणं आहेत. केंद्राने अकराव्या पंचवार्षिक योजनेत देशातले ३७४ जिल्हे निवडले होते. उच्च शिक्षणात मुलांचं प्रमाण तेव्हाच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा, म्हणजे १२.४ टक्क्यांपेक्षा कमी असलेले. अशा प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श पदवी महाविद्यालय काढायचं होतं. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने मंडणगड तालुक्यात आंबडव्याला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने हिंगोलीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने घनसावंगीला आणि तुमच्याच गोंडवानाने गडचिरोलीला ते काढलं. खासगी संस्था मध्ये नाही, विद्यापीठ हेच व्यवस्थापन.

पैशाचं मात्र नीट बघा. मूळ योजनेत एका कॉलेजचा भांडवली खर्च ८ कोटी धरला होता. केंद्राचा वाटा एक तृतीयांश, जास्तीत जास्त २.६७ कोटी. उरलेलं राज्याचं, आणि पगारासकट दरवर्षीचा आवर्ती खर्चही राज्याचाच. २०१३मध्ये रुसा, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान आलं, नव्या आदर्श कॉलेजसाठी १२ कोटी ठेवले गेले, तेही उभारणीसाठी. इमारतीला पैसे देणारे दोघं आहेत. शिकवणाऱ्याच्या पगाराला एकच, आणि तो नेहमी 'वित्त विभागाकडे विचारार्थ' असतो.

खडूस_सदाशिव

प्राचार्यबाई, शेवटच्या वाक्याची चौकट करून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर लावा.

सीएचबीवाला

ताईंनी अगदी मर्मावर बोट ठेवलं. मी त्या बोटाखालचा माणूस.

प्राध्यापकीची पात्रता परीक्षा सेट झालेली, पीएचडी झालेली, आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासाच्या मानधनावर शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. नेमणूक जूनमध्ये व्हायला हवी ती ऑगस्टात होते, कारण विद्यापीठाची मान्यता यायची असते. मार्चमध्ये तास संपतात. परीक्षा, पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली या सगळ्याला आम्ही हवेच असतो, पण ते 'तास' नव्हेत. मानधन महिन्याच्या महिन्याला मिळालं असं अजून झालेलं नाही. एका वर्षी दिवाळीला मिळायचं ते होळीला मिळालं.

विद्यार्थ्यांना हे सगळं कळतं. 'सर, पुढच्या वर्षी तुम्हीच आहात ना?' असं विचारतात. काय सांगणार?

रानवाट, तुमच्या कॉलेजात भौतिक, रसायन, गणित, वनस्पती आणि प्राणिशास्त्र एवढे पाच विषय धरू. विषयाला दोन शिक्षक, म्हणजे दहा. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, महागाई भत्ता वगैरे धरून लाखाच्या आसपास जातं. दहा जणांचे वर्षाला एक कोटी वीस लाख. प्रयोगशाळा सहायक, परिचर, ग्रंथपाल, लिपिक वेगळे. ही रक्कम दरवर्षी लागते आणि दरवर्षी वाढते. कुठल्याच भाषणात ती ऐकू येत नाही. म्हणून निवेदनात पहिली ओळ 'कॉलेज द्या' अशी नको, 'पदं मंजूर करा' अशी हवी.

मीनाक्षी_क

+१. पण पदं मंजूर होऊनही भरत नाहीत त्याचं काय? अनुदानित कॉलेजांतही निम्मे वर्ग सीएचबीवरच चाललेले मी बघतेय.

सीएचबीवाला

मंजूर पद रिकामं असेल तर निदान ते मागता येतं. पदच नसेल तर काय मागणार?

अटलांटाकर

आमच्या जवळचं उदाहरण देतो. तुलना तंतोतंत जुळणार नाही हे मान्य, पण कारभाराचा प्रश्न आलाय म्हणून.

जॉर्जियात ग्विनेट नावाची काउंटी आहे, अटलांटाच्या ईशान्येला. आपली भरपूर माणसं तिथे राहतात. लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि स्वतःचं सरकारी चार वर्षांचं कॉलेज मात्र नव्हतं. २००५मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मान्यता दिली आणि ऑगस्ट २००६मध्ये जॉर्जिया ग्विनेट कॉलेज सुरू झालं. जॉर्जियात शंभरहून जास्त वर्षांनी निघालेलं पहिलं नवं सरकारी चार वर्षांचं कॉलेज. पहिल्या दिवशी विद्यार्थी किती? ११८. आणि तेही थेट तिसऱ्या वर्षाचे, दुसरीकडे पहिली दोन वर्षं करून आलेले. पहिल्या वर्षाचे प्रवेश २००७मध्ये सुरू केले. इमारत नवी बांधत बसले नाहीत. दुसऱ्या संस्था मिळून वापरत होत्या त्या आवारातच सुरुवात. २००९मध्ये मूल्यांकन मंडळाची मान्यता मिळाली. आज दहा हजारांच्या वर विद्यार्थी आहेत.

आता कारभार. तिथल्या सरकारी विद्यापीठांवर आणि पदवी कॉलेजांवर मिळून एकच नियामक मंडळ, बोर्ड ऑफ रीजंट्स. सदस्य गव्हर्नर नेमतो, पण मुदत सात वर्षांची, आणि सगळ्यांची एकदम संपत नाही. कॉलेजचा अध्यक्ष हे बोर्ड नेमतं.

हे असं का झालं त्याची गोष्ट मोठी आहे. १९४१मध्ये युजीन टॅलमेज नावाचा गव्हर्नर होता. जॉर्जिया विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राचे डीन वॉल्टर कॉकिंग हे काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकावं अशा मताचे आहेत असा आरोप झाला आणि त्यांना काढा म्हणून गव्हर्नर हटून बसला. बोर्डाने नकार दिला. मग त्याने बोर्डातली माणसं बदलली आणि कॉकिंग यांना घालवलंच. झालं काय, तर मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने जॉर्जियाच्या दहा सरकारी कॉलेजांची मान्यता काढून घेतली. पोरांच्या पदव्यांची किंमत गेली, आईबाप खवळले, आणि १९४२च्या निवडणुकीत टॅलमेज एलिस अर्नॉलकडून पडला. १९४३मध्ये बोर्डाला राज्यघटनेतच संरक्षण दिलं.

कॉलेजात राजकारण शिरू नये असं वाटणारे सगळीकडेच असतात. त्याची झळ मतदारांच्या पदव्यांना लागली तेव्हा कुठे नियम बदलला.

खडूस_सदाशिव

आमच्याकडे मान्यता गेली तर आईबाप मूल्यांकन करणाऱ्यावर मोर्चा काढतील.

सीएचबीवाला

अटलांटाकर, त्याच कॉलेजात कायम नेमणुका नाहीत, सगळे ठरावीक मुदतीच्या करारावर आहेत, हेही लिहा की.

अटलांटाकर

बरोबर आहे. सुरुवातीपासून तिथे टेन्युअर नाही. करार मुदतीचे, पण पूर्ण पगाराचे, विमा-बिम्यासकट, आणि सहसा नूतनीकरण होतं. तासावर हजेरी लावणं आणि हे एक नव्हे. तरी त्याबद्दल तिथेही कुरकुर आहेच. नमुना म्हणून तेवढा भाग उचलू नका.

वकील_बल्लारपूर

सगळे पगारात अडकलेत. जागेचं कुणी विचारलंच नाही. रानवाट, नगरपंचायत जी जागा देऊ म्हणते तिचा सातबारा तुम्ही स्वतः पाहिलात का?

रानवाट

पाहिला नाही. तलाठी म्हणाले शासकीय पडीक आहे, पाच एकर.

वकील_बल्लारपूर

मग उद्याच काढा, आणि जुने फेरफारही काढा. पूर्व विदर्भात 'शासकीय पडीक' म्हणून दाखवलेल्या जमिनीवर कुठल्यातरी जुन्या नोंदीत 'झुडपी जंगल' निघतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचं हे जुनं दुखणं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही झुडपी जंगल म्हणजे वनच असं सांगितलं. म्हणजे १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी. तोपर्यंत तुमच्या इमारतीचा निधी परत गेलेला असेल.

दुसरं. बैठकीत कुणी 'वनहक्क कायद्यात गावाच्या सोयींसाठी जागा मिळते' असं म्हणालं असेल. मिळते, २००६च्या कायद्याच्या कलम ३(२)खाली. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पण कशासाठी मिळते त्याची यादी कायद्यातच आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचं दुकान, पिण्याच्या पाण्याची सोय असं चालत जातं. कॉलेज त्या यादीत नाही. कुणी म्हणेल शाळा लिहून टाकू. टाकू नका. पहिली तक्रार तुमच्याच संस्थाचालकांकडून जाईल.

रानवाट

बाप रे. हे बैठकीत कुणी बोललंच नाही.

झाडीपट्टी_नाटकवाला

बोलन कोन? नारळ आनून ठेवला होता नं.

आमच्याकडं एका गावात आयटीआयची इमारत होऊन राह्यली, होऊन राह्यली, आन् झाली. मस्त दुमजली. पोरं आली तं मशिनी नाही. मशिनी आल्या तं तीन फेजची लाइन नाही. लाइन आली तवा शिकवनारा बदली घेऊन गेला. आता तिथं इलेक्शनच्या पेट्या ठेवते.

कॉलेज मागा, जरूर मागा. माही पोरगी बारावीत आहे. पन बिल्डिंग मागू नका पहिले. आमच्या वडशाकडं नाटक कंपनी पहिले नट जमवते, मंग पडदे रंगवते.

मीनाक्षी_क

नाटकवाले भाऊ, हे वाक्य घेतलं बरं का, भाषणात वापरणार.

पुरोगामी_पाटील

इथे संस्थाचालकांना सरसकट झोडपणं चाललंय ते पटत नाही. महाराष्ट्रातलं उच्च शिक्षण शासनाने खेड्यात नेलं का? संस्थांनी नेलं. कर्मवीरांनी १९१९मध्ये रयत काढली आणि १९४७मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला १९५०मध्ये कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. वर्ग १९५०मध्ये छावणी भागात भरू लागले आणि इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ला बसली. शासकीय कॉलेजं कुठे आहेत ते बघा : मुंबई, नागपूर, अमरावती, कोल्हापूर, औरंगाबाद. बहुतेक इंग्रजांच्या नाहीतर संस्थानिकांच्या काळातली. शासनाची वाट बघत बसलात तर नातवंडांच्या प्रवेशाची तयारी करा.

निवृत्त_प्राचार्या

पाटीलसाहेब, दोन्ही उदाहरणं मान्य. पण ते संस्थाचालक आणि अडीच गुंठ्यांत तीन कॉलेजं दाखवणारे आजचे काही, यांना एका ओळीत बसवू नका.

मी विद्यापीठाच्या चौकशी समितीवर अनेक वर्षं जात होते. एका ठिकाणी ग्रंथालय बघायला गेलो. कपाटं नवी, पुस्तकं भरपूर, मांडणी सुरेख. मी सहज एक अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं तर आतला शिक्का पन्नास किलोमीटरवरच्या वेगळ्याच कॉलेजचा. दुसरं उघडलं, तोच शिक्का. तिसऱ्यावर शिक्क्यावर कागद चिकटवलेला, डिंक अजून ओला. बाहेर आले तर पोर्चमध्ये टेम्पो उभा, हौदात सुतळी आणि रिकामी खोकी. ड्रायव्हर बिचारा विचारतो, 'बाई, किती वेळ लागंल अजून? संध्याकाळी परत न्यायचीत.'

पाटील_पुरोगामी_नाही

हा हा हा. ओला डिंक!

पुरोगामी_पाटील

ठीक आहे, टेम्पोपुढे माझं काही चालत नाही. पण रयतचा मुद्दा मागे घेत नाही.

गणपत_बी

मी वरच्या यादीतल्या एका आदर्श कॉलेजात शिकलो. नाव राहू द्या. चांगलं-वाईट दोन्ही सांगतो.

चांगलं म्हणजे फी नगण्य. डोनेशन, 'विकास निधी' असलं काही नाही. प्रवेश गुणवत्तेवर. वर्गात पोरं कमी, त्यामुळे प्रॅक्टिकलला प्रत्येकाच्या हातात ब्युरेट. शहरातल्या कॉलेजात चौघांत एक असते म्हणे.

वाईट म्हणजे विद्यापीठ लांब. साधी दुरुस्ती, आम्लाच्या बाटल्या, पंख्याचं रेग्युलेटर, सगळ्याला फाइल विद्यापीठात. आमच्या प्राचार्यांकडे कार्यभार होता, म्हणजे ते मूळचे विद्यापीठातल्या विभागाचे, आठवड्यातून दोन दिवस यायचे. इथे सही हवी असली की 'सर गुरुवारी येतील'. गुरुवारी सुट्टी आली की पुढचा गुरुवार. शिक्षक कंत्राटी, जीव तोडून शिकवायचे आणि नेट-सेट लागलं की निघून जायचे. चूक त्यांची नाही.

रानवाट, दुसरा मार्ग घेतलात तर पूर्णवेळ प्राचार्य आणि खर्चाचे स्थानिक अधिकार, या दोन गोष्टी लिहून घ्या.

निवृत्त_प्राचार्या

गणपत, मोलाचं लिहिलंत. आता रानवाटांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, तो राहूनच गेला होता.

कलम ९७खाली महाविद्यालय विकास समिती असते. १९९४च्या कायद्यात जी स्थानिक व्यवस्थापन समिती होती तिच्या जागी ही आली. व्यवस्थापनाचा अध्यक्ष किंवा त्याचा प्रतिनिधी अध्यक्ष, सचिव, एक विभागप्रमुख, तीन निवडून आलेले शिक्षक (त्यांत किमान एक महिला), एक शिक्षकेतर, चार स्थानिक सदस्य, गुणवत्ता कक्षाचा समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, आणि प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षातून किमान चार बैठका. अर्थसंकल्प, नवे अभ्यासक्रम, सगळं इथून जायला हवं.

कागदावर छान आहे. मेख त्या चार स्थानिक सदस्यांत. त्यांना व्यवस्थापन नेमतं. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले असावेत आणि एक तरी माजी विद्यार्थी हवा. ही चार नावं तुमच्या गावाने आधी सुचवली नाहीत तर कुणाचे तरी भाचे येऊन बसतात. विद्यापीठ व्यवस्थापन असेल तर एक जागा ग्रामसभांच्या महासंघातल्या जाणकाराला, एक वनोपजाचं काम करणाऱ्या महिला गटाला द्या, असं निवेदनातच सुचवा. कायद्यात बसतं.

खडूस_सदाशिव

नव्या कॉलेजला माजी विद्यार्थी कुठून आणायचा? पहिल्याच वर्षी नापास होऊन सोडून गेलेला चालेल का?

निवृत्त_प्राचार्या

चालेल. खरं कारण त्यालाच ठाऊक असतं.

मीनाक्षी_क

एक मूलभूत शंका. चार वर्षंच कशाला? पोरांना पोलीस भरतीला बारावी पुरते, एमपीएससीला पदवी. तीन वर्षांत बाहेर पडता येतंय ना?

सीएचबीवाला

येतं. नव्या धोरणात एक वर्षाने प्रमाणपत्र, दोनने पदविका, तीनने पदवी, चारने ऑनर्स. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४पासून आणि संलग्नित कॉलेजांत २०२४-२५पासून सुरू झालं. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, आणि मार्गदर्शक हवेत. मार्गदर्शक म्हणजे कायम शिक्षक. फिरून तिथेच आलो.

चौथं वर्ष केलं तर एम.एस्सी. एका वर्षाची होते, हा फायदा. पण रानवाटांच्या गावात पहिल्या तुकडीतून चौथ्या वर्षाला फार तर चार-पाच पोरं राहतील. तेवढ्यासाठी प्रयोगशाळा उभी करणार कोण?

अटलांटाकर

तीन वर्षं घट्ट करा, चौथं नंतर. नाहीतरी ते आपोआप चौथ्या वर्षीच येणार आहे :)

रानवाट

थोडा असहमत. चौथं वर्ष मला हवंच आहे, आणि पहिल्या आराखड्यातच. आमच्याकडे संशोधनाचा विषय शोधायला कुठे जायचं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभांना मिळाला. बांबू किती तोडायचा, तेंदूचा लिलाव कसा करायचा, हिशेब कसा ठेवायचा, जंगलाचा व्यवस्थापन आराखडा कसा लिहायचा, हे ग्रामसभा स्वतः करतायत आणि त्यांना हाताशी शिकलेली पोरं हवीयत. वनस्पतिशास्त्राच्या मुलीने चौथ्या वर्षी स्वतःच्या गावच्या जंगलाची नोंद केली तर ती नोंद दुसऱ्या दिवशी वापरात येईल. चार पोरं राहिली तरी चालतील.

झाडीपट्टी_नाटकवाला

हे भारी बोल्ला भाऊ. मोहफुलाचं बी काहीतरी ठेवा. दारू सोडून, नाहीतं म्हनाल.

पुरोगामी_पाटील

हे निवेदनात जसंच्या तसं घाला. 'मागास भाग' ही रड मंत्रालयात रोज ऐकतात, हे ऐकलेलं नसेल.

गोंदियाकर_निवृत्त_लिपिक

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, मंत्रालयात आयुष्य गेलं. पहिला मार्ग, शासकीय महाविद्यालय, वाटतो तितका अशक्य नाही, पण फाइलचा रस्ता कळला पाहिजे. प्रस्ताव सहसंचालक, नागपूर यांच्याकडून संचालक, पुणे यांच्याकडे, तिथून उच्च व तंत्रशिक्षण विभागात. पदांचा आकृतिबंध (कुठली पदं, किती) वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समितीपुढे. लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं स्वतःचं खातं) मिळालं तर पगार कोषागारातून, म्हणजे दिवाळीचा होळीला होत नाही. प्राध्यापक लोकसेवा आयोगातून येतात, म्हणजे नेमणुकीला पैसे मोजावे लागत नाहीत. हे दोन फायदे कुठल्याच दुसऱ्या मार्गात नाहीत.

तोटा बदलीचा. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते, तरी रुजू झाल्याबरोबर परतीचा अर्ज टाइप करणारे मी पाहिलेत. त्याला उपाय राहायच्या जागेचा. क्वार्टर्स नसतील तर कुणी कुटुंब आणत नाही, आणि कुटुंब आलं नाही तर माणूस शुक्रवारी दुपारीच बसस्टँडवर. इमारतीच्या नकाशात वर्गखोल्या दोन कमी करा, निवासस्थानं घाला.

सीएचबीवाला

काका, हा प्रतिसाद छापून ठेवतोय.

रानवाट

सर्वांचे आभार. दोन संध्याकाळी बसून मसुदा नव्याने लिहिला. आता क्रम असा आहे. एक, विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात विज्ञान शाखेसह आमचं ठिकाण. दोन, पदनिर्मितीचा शासन निर्णय आधी, भूमिपूजन नंतर. तीन, तोवर आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयाच्या इमारतीत दुपारच्या सत्रात पहिल्या वर्षाचा वर्ग. अटलांटाकरांचे ११८ विद्यार्थी वाचून हे सुचलं, आम्हाला ४० पुरतील. चार, शासकीय हा पहिला पर्याय, विद्यापीठाचं कॉलेज हा दुसरा, पण पूर्णवेळ प्राचार्य आणि खर्चाच्या अधिकारासकट. संस्थेचा पर्याय मसुद्यातून काढला. त्यावरून आज एक फोन येऊन गेला. गोड आवाजात.

निळी बस पदवीच्या मुलींनाही मिळावी अशी मागणी वेगळ्या कागदावर केली आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची की थेट मानव विकासच्या आयुक्तालयात, कुणाला माहीत आहे का?

मीनाक्षी_क

दोन्हीकडे द्या, पोच घ्या. आणि वसतिगृह? आदिवासी विकास विभागाचं मुलींचं वसतिगृह तालुक्यात असेल तर तिथे पदवीच्या मुलींच्या जागा वाढवून मागा. कॉलेजच्या प्रस्तावात घालू नका, विभाग वेगळा आहे, दोन्ही फायली एकमेकींसाठी अडतील.

गोंदियाकर_निवृत्त_लिपिक

अगदी. आणि निवेदनाला दिनांक घाला. निम्म्या निवेदनांवर नसतो.

वकील_बल्लारपूर

सातबाऱ्याचं काय झालं ते सांगितलं नाहीत.

रानवाट

काढला. पाच एकरांपैकी साडेतीनवर नोंद आहे. दीड एकर स्वच्छ आहे.

वकील_बल्लारपूर

दीड एकरात क्वार्टर्स बसतात. वर्ग दुपारच्या सत्रातच चालू द्या आणि साडेतीन एकरांचा प्रस्ताव वनविभागाकडे आजच टाका. नकाशाची मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्या, तलाठ्याच्या टिपणावर जाऊ नका.